बेटावर जाऊन येण्याची बोली

उस्तादांनी आयुष्यभर एकच काम केलं. लाकडी होडीच्या दोन फळ्यांमध्ये फट असते. त्या फटीत तेलात भिजवलेला सुताचा पीळ बसवायचा, बोथट छिन्नी आणि लाकडी मोगरीने ठोकून आत दाबायचा, वरून राळेचा लगदा भरायचा. सांगायला तीन वाक्यं लागतात. आमच्या गोदीत त्यांनी हे एकेचाळीस वर्षं केलं, आणि त्यांच्या हातची होडी गळते म्हणून परत आली असं मी पाहिलं नाही.

मी सुतार. फळ्या मी बसवायचो, फटी ते भरायचे, त्यामुळे माझी चूक सगळ्यांत आधी त्यांना दिसायची. गोदीत लागलो तेव्हा मी अठ्ठावीस वर्षांचा होतो, सहा वर्षं दारं-खिडक्या करून आलो होतो, आणि मला सगळं येतं असं मला वाटत होतं. पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या फळीवरून अंगठा फिरवला.

"दारं करायचास ना?"

"हो."

"दारातून वारा आला तर माणूस शिंकतो. इथून पाणी आलं तर बुडतो. काढ ती."

मी काढली. त्या दिवशी ती फळी तीन वेळा काढली. चौथ्या वेळी ते काही बोलले नाहीत, नुसते पीळ घेऊन बसले. ती शाबासकी होती हे मला दोन वर्षांनी कळलं.

त्यांचं खरं हत्यार कान. फटीत पीळ सैल असला की मोगरी 'थप' वाजते. नीट बसला की 'ठक'. त्याच्यापुढे ठोकत राहिलं तर 'टण' वाजते, म्हणजे जास्त झालं. लाकूड पाण्यात गेलं की फुगतं. फटीत आधीच गच्च भरलेलं असेल तर फुगायला जागा उरत नाही, आणि मग फळीच खिळ्यांतून सुटते. कमी भरलं तर पाणी येतं, जास्त भरलं तरी पाणी येतं. उस्ताद 'ठक' ऐकला की थांबायचे. बाजूला लोहाराचा घण चालू असला तरी त्यांना त्यांचा 'ठक' बरोबर ऐकू यायचा.

ज्या आवाजावर त्यांचं पोट चाललं त्याच आवाजाने त्यांचे कान खाल्ले. निवृत्त झाले तेव्हा उजवा गेलेला होता. पुढच्या पाच-सहा वर्षांत डावाही गेला. समोर उभं राहून सावकाश बोललं तर ओठ वाचायचे. वहिनी, म्हणजे त्यांची बायको, त्यांना हाक मारायच्याच नाहीत. टेबलावर डाव आपटायच्या. टेबलावर त्यांचा हात असायचा, हाताला कळायचं.

"चाळीस वर्षं हे माझं ऐकत नव्हते," वहिनी म्हणायच्या, "आता निदान कारण तरी आहे."

आम्ही चौघं. उस्ताद, मी, लोहार आणि शिंपी. शिंपी म्हणजे शिडं शिवणारा. कपड्याला त्याने बटणसुद्धा कधी लावलं नसेल. लोहार गोदीचे खिळे आणि पट्ट्या करायचा. अंगाने दरवाजाएवढा, पण समुद्रात अर्धा तास गेला की त्याच्या पोटात ढवळायचं. गोदीत काम करणाऱ्या माणसाला समुद्र लागतो, हा विषय आम्हाला तीस वर्षं पुरला.

चौघांनी मिळून एक होडी केली होती. मालकाला विचारून, उरलेल्या लाकडाची, दर रविवारी काम करून. अडीच वर्षं लागली. बावीस फूट लांब, एक डोलकाठी, एक शीड. होड्या वर ओढायचे गोदीचे रूळ साफ करायला वर्षातून एक आठवडा काम बंद असायचं. त्या आठवड्यात आम्ही तिच्यातून बेटावर जायचो.

बेट तसं काही मोठं नाही. बरा वारा असला तर साडेतीन तास. या बाजूला शिंपल्यांच्या चुऱ्याची पांढरी पट्टी, दोनशे पावलं. मागे झाडांची गर्दी, आणि त्याच्यामागे एकदम काळा कडा, त्यावर हजारो पक्षी. कड्याच्या पायथ्याशी खडकातून गोडं पाणी झिरपायचं. जाड धार नाही. तांब्या लावून ठेवायचा आणि गप्पा मारत बसायचं. दोन गोष्टी सांगून होईपर्यंत तांब्या भरायचा. उस्ताद दिवसभर त्या पाण्याजवळ पाय सोडून बसायचे आणि काहीही करायचे नाहीत. वर्षाचे बाकीचे दिवस मी त्यांना रिकाम्या हाताने बसलेलं पाहिलं नाही. बेटावर जाण्यात मला सगळ्यांत जास्त काय आवडायचं म्हटलं तर तेच, उस्तादांचे रिकामे हात.

एकवीस वर्षं गेलो. मग गोदीत लाकडाच्या होड्या येणं बंद झालं. आधी लोखंडाच्या आल्या, मग फायबरच्या. एकामागून एक आम्ही चौघं घरी बसलो. उस्तादांच्या मुलीने मात्र फायबरच्या होड्या करायची शेड टाकली. आठ माणसं हाताखाली. कामाला बापासारखीच खडूस. उस्ताद तिच्या शेडला 'बादलीचा कारखाना' म्हणायचे. ती म्हणायची, "बाबा, माझ्या बादल्या गळत नाहीत."

आमची होडी तिच्याच शेडमागे ठोकळ्यांवर ठेवलेली होती. आठ वर्षं पाण्यात गेली नव्हती. उन्हाने फळ्या आटल्या होत्या, आणि फटींतून आरपार पलीकडचं दिसत होतं.

त्या वर्षी शिंप्याच्या घरी आम्ही चहाला जमलो होतो. उस्तादांची लेकही आली होती. बोलता बोलता ती सरळ म्हणाली, "काका, या होडीला मी बाहेरून फायबर चढवते. दोन महिन्यांचं काम. मग फटी नाहीत, पीळ नाही, काही नाही. तुम्ही चौघं खुशाल फिरा."

तिने हे उस्तादांकडे तोंड करून सांगितलं होतं. त्यांनी ओठ वाचले.

"म्हणजे मी मेलो," ते म्हणाले. ऐकू येत नसल्यामुळे ते नेहमी मोठ्याने बोलायचे. शेजारच्या खोलीतलं शिंप्याचं नातवंड जागं झालं.

"असं कुठे म्हटलं मी?"

"लाकडावर प्लास्टिकचा सदरा घालायचा. मग माझं काय काम?"

"बाबा, तुम्हाला मोगरी ऐकू येत नाही. तुम्हीच सांगायचात, कानाशिवाय हे काम होत नाही."

तिचं बरोबर होतं, आणि ते सगळ्यांना माहीत होतं. उस्तादांनी बशीतला चहा संपवला.

"माझ्या हाताला कळतं," ते म्हणाले. "मी एकटा भरतो. कोणी मदत करायची नाही. मग बेटावर जाऊन येऊ. पाणी आलं तर घाल तुझा सदरा."

"लाकडी होडीत थोडं पाणी येणारच," लेक म्हणाली. बोलीतसुद्धा ती नेमकी. "पाच बादल्यांपर्यंत मी धरत नाही. जाऊन-येऊन सहावी उपसावी लागली तर होडी सोमवारी माझ्या शेडमध्ये. आणि तुमची मोगरी कपाटात."

"आणि नाही लागली तर?"

"तर पुन्हा हा विषय मी काढणार नाही. तुम्ही दरवर्षी भरा, दरवर्षी जा."

"झालं," उस्ताद म्हणाले. मग शिंप्याकडे वळून, "तू साक्षीदार. तुला बादली मोजता येते ना?"

"शिडाचे टाके मोजून आयुष्य गेलं माझं," शिंपी म्हणाला. "बादल्या काय!"

अकरा दिवस उस्ताद शेडमागे एकटे काम करत होते. सकाळी सातला सुरू, बाराला अर्धा तास, पाचला बंद. वय एकाहत्तर. जुना सगळा पीळ त्यांनी आकडीने ओढून काढला, प्रत्येक फट ब्रशने साफ केली, नवा पीळ स्वतः वळला. मी रोज संध्याकाळी चहाचा थर्मास घेऊन जायचो. मदत करायची नाही अशी बोली होती. बघायचं नाही अशी नव्हती.

नवव्या दिवशी मी गेलो तेव्हा ते होडीखाली पाठीवर झोपून कण्याजवळची फट भरत होते. कणा म्हणजे होडीच्या तळाचं मधलं जाड लाकूड. त्याला लागून पहिली फळी येते, आणि सगळ्यांत जास्त जोर तिच्यावर असतो. मी थर्मास खाली ठेवला आणि ऐकलं.

टण. टण. टण.

मी तिथेच उभा राहिलो. ते थांबतील असं मला वाटलं. थांबले नाहीत. हात पुढे सरकला, पुन्हा पंचवीस-तीस ठोके, पुन्हा टण. त्यांना ऐकू येत नव्हतं, म्हणून खात्रीसाठी ते जास्त ठोकत होते. चार हात लांबीची फट त्यांनी माझ्यादेखत अशी भरली.

मी सांगायला हवं होतं. खाली वाकून, त्यांच्या तोंडासमोर तोंड आणून दोन शब्द: जास्त होतंय. पण ते बाहेर आले, घामाने भिजलेले, डोळ्यांत तेल गेलेलं, आणि हसले. "बघ," ते म्हणाले, "हाताला कळतं." मी कपात चहा ओतला. कप भरल्यावर तो त्यांच्या हातात दिला.

होडी पाण्यात सोडली. आमच्या भाषेत याला होडीला पाणी पाजणं म्हणतात. बांधून ठेवायची, सुकलेलं लाकूड पाणी पितं, फुगतं आणि फटी मिटतात. हे पाणी बोलीत धरायचं नव्हतं. पहिल्या दिवशी तीस बादल्या आल्या, दुसऱ्या दिवशी चार, तिसऱ्या दिवशी तळ कोरडा. उस्तादांनी मुलीला हाताला धरून आणलं आणि तळावर हात फिरवायला लावला. तिने तळहात उलटा करून पाहिला.

"छान," ती म्हणाली. मनापासून म्हणाली. "आता जाऊन या."

मला वाटलं, चला, सुटलो. आपलंच ऐकण्यात चूक झाली असेल.

शनिवारी सकाळी सहाला निघालो. वहिनींनी डबे भरून दिले होते: उकडलेली अंडी, बटाटे, पाव, कांदे, आणि एका पिशवीत चार पंचे आणि साबण. "बेटावर अंघोळ करा," त्या म्हणाल्या, "मागच्या वेळी घरात आलात तर मांजर बाहेर गेलं होतं." मागची वेळ म्हणजे आठ वर्षांपूर्वीची.

वारा अगदी हवा तसा होता, मागून आणि थोडा बाजूने. शिंप्याने शीड वर ओढलं. जुनंच शीड, त्यानेच शिवलेलं, आता त्यात ठिगळं जास्त आणि शीड कमी. ते भरलं, दोर ताठ झाले, होडी जराशी कलली आणि पाण्यातून तिचा तो आवाज सुरू झाला, कागद फाडल्यासारखा. आठ वर्षांत मी तो ऐकला नव्हता. उस्ताद सुकाणूपाशी होते. त्यांना तो ऐकू येत नव्हता, पण त्यांनी डावा हात होडीच्या काठावर पालथा ठेवला होता आणि डोळे मिटले होते. हातानेच ते ऐकत होते.

"सुकाणू धरलंयस आणि डोळे मिटतोस?" शिंपी त्यांच्या तोंडासमोर जाऊन ओरडला. "बेट तिकडे आहे!"

"बेट कुठे पळतंय?"

लोहाराने लिंबू नाकाला लावलं होतं. "मला कोणी बोलू नका," तो म्हणाला.

"कोण बोलतंय? तीस वर्षं आम्ही नुसते बघतो."

"त्या वर्षी आठवतं का," लोहार म्हणाला, कारण बोलू नका म्हणणारा तोच सगळ्यांत जास्त बोलायचा, "या शिंप्याने नांगर टाकला आणि दोर बांधायचा विसरला?"

"तो नांगर तूच केलेला," शिंपी म्हणाला. "एवढा सुंदर बुडाला, एक बुडबुडा नाही."

उस्तादांना ओठांवरून अर्धं कळलं. उरलेलं आठवणीत होतं. त्यांचे खांदे हसण्याने हलत होते.

पहिली बादली मी तासाभराने उपसली. काही वाटलं नाही. पण दुसरी लगेच वीस मिनिटांनी. तिसरी उपसली तेव्हा गप्पा थांबल्या. तिसरीपर्यंत आम्ही निम्म्या वाटेवरसुद्धा नव्हतो. मी तळावरची लाकडी जाळी उचलली आणि हात घातला. पाणी कुठून येत होतं ते मला बघायचीही गरज नव्हती. कण्याजवळची उजवी फट.

"किती?" उस्तादांनी विचारलं.

मी तीन बोटं दाखवली. मग चार. पाचवीला त्यांनी विचारलं नाही. सहावी मी उपसली तेव्हा ते समोर बघत होते. परत फिरायचं का, असं शिंप्याने खुणेने विचारलं. वारा मागून होता. फिरलो असतो तर वाऱ्याशी झगडत दुप्पट वेळ, आणि फळीवर दुप्पट जोर. उस्तादांनी मान हलवली. पुढेच. बेटाला लागेपर्यंत नऊ झाल्या.

बोली उस्ताद तिथेच हरले होते. हे चौघांनाही कळलं होतं.

ओहोटी अर्ध्यावर आली होती. होडी पांढऱ्या पट्टीवर चढवली, पाणी उतरलं तशी ती डाव्या कुशीवर टेकली आणि उजवा तळ उघडा पडला. कण्याजवळ चार हात फळी जराशी बाहेर आली होती. फटीतून पिळाची दोरी पोटातल्या आतड्यासारखी लोंबत होती. उस्ताद गुडघ्यावर बसले. पीळ दोन बोटांत धरून दाबून पाहिला. तो लाकडासारखा टणक झाला होता.

"जास्त भरलंय," ते म्हणाले.

पहिल्यांदाच ते हळू आवाजात बोलले. मी समोर जाऊन बसलो, माझे ओठ त्यांना दिसतील असा.

"मी ऐकलं होतं," मी म्हटलं. "त्या दिवशी. टण वाजत होतं."

"कधी?"

"नवव्या दिवशी. चहा घेऊन आलो तेव्हा."

मला वाटलं आता हात उचलतील. त्यांनी पीळ वाळूत फेकला.

"ऐकलंस आणि गप्प बसलास? कशाला? मला वाईट वाटेल म्हणून?"

मी मान खाली घातली.

"चार माणसं बसवलीस या होडीत! हा लोहार, याला पोहता येत नाही! माझ्या वाईट वाटण्यासाठी याला बुडवणार होतास?" आवाज पुन्हा चढला होता. कड्यावरचे पक्षी उडाले. "मी तुझी फळी तीनदा काढायला लावली, तेव्हा तुला वाईट वाटेल असा विचार केला होता का मी?"

"नाही."

"मग?"

मी वाळूतला पीळ उचलून झटकला.

लोहार मध्ये पडला. "अति तेथे माती," तो म्हणाला, "आणि आपण सगळेच त्यातले. आता भांडून पाणी बंद होणार आहे का? भरती अडीचला इथे येईल. पाच तास आहेत." त्याने खिशातून रुमालाची पुरचुंडी काढली. आत अकरा तांब्याचे खिळे होते, जुन्यांपेक्षा अर्धा इंच लांब. गोदी सुटून सात वर्षं झाली तरी हा माणूस खिशात खिळे घेऊन फिरत होता.

हत्यारांची पिशवी होडीत असायचीच. कामाला लागलो. मी आणि शिंप्याने वाळूत दगड रोवून, तुटलेल्या फांदीची पाचर करून फळी परत कण्यावर दाबली. त्यालाच दीड तास गेला. दोनदा पाचर निसटली. लोहाराने नऊ खिळे मारले. जिथे जुनं भोक होतं तिथे न मारता दोन बोटं बाजूला. मग उस्तादांनी काढलेला पीळ उलगडला, त्यातला निम्मा बाजूला टाकला, निम्मा पुन्हा वळला. छिन्नी फटीवर ठेवली. मोगरी उचलली, आणि तशीच धरून थांबले.

"इकडे ये," ते मला म्हणाले. "समोर बस. माझ्याकडे नको बघू, फटीकडे बघ. ठक वाजलं की बोट वर कर."

थप. थप. थप. ठक. मी बोट वर केलं. ते थांबले. छिन्नी बोटभर पुढे. थप, थप, ठक. एकदा मला शंका आली, मी बोट उशिरा उचललं.

"एक ठोका जास्त गेला का?"

"गेला."

त्यांनी तेवढा तुकडा उपसून पुन्हा भरला. तोंडावर राग तसाच होता, पण हात हलका पडत होता. चार हात फटीला पावणेदोन तास लागले. वर लावायला राळ नव्हती. उस्तादांनी वहिनींचा साबण मागितला आणि फटीत घासून बसवला.

"माझी अंघोळ गेली," शिंपी म्हणाला.

"तुझी अंघोळ आठ वर्षांपूर्वीच गेली आहे," लोहार म्हणाला.

मग खाल्लं. भूक एवढी लागली होती की अंडी कोणी सोलली आणि कोणी नुसती दाबून खाल्ली सांगता येत नाही. गोडं पाणी होतं तिथेच, पण धार आणखी बारीक झाली होती. तांब्या लावला. चार गोष्टी सांगून झाल्या तरी भरेना. उस्ताद पाय सोडून बसले. हाताला तेल, साबण, वाळू. ते हात मांडीवर उताणे ठेवून ते कड्याकडे बघत राहिले. आम्ही तिघंही तसेच बसलो. भरती येईपर्यंत अर्धा तास होता आणि करायला काही उरलं नव्हतं. पक्षी परत येऊन बसत होते. मला आयुष्यातली ती सगळी एकवीस वर्षं एकदम आठवली, आणि वेगवेगळी करता येईनात.

"चांगलं आहे हे," उस्ताद म्हणाले. एवढंच.

दुपारी वारा फिरला होता, त्यामुळे परत येतानाही तो मागूनच होता. मी दर पंधरा मिनिटांनी जाळी उचलून बघत होतो. तळ ओलसर, बस. बादली कोरडी पडून होती. किनारा दिसायला लागला तेव्हा शिंपी सरकत माझ्याजवळ आला, उस्तादांकडे पाठ केली. लोहारानेही केली.

"पोरीला काय सांगायचं?" शिंपी म्हणाला. "होडी कोरडी आहे. ती हात फिरवून बघेल, कोरडाच लागेल. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"दोन-तीन म्हणू," लोहार म्हणाला. "अगदी शून्य म्हटलं तर विश्वास बसणार नाही."

"आणि हे काम आता होतंय ना! हा ऐकतो, तो ठोकतो. मग हरलो कुठे?"

"ए!" मागून उस्ताद ओरडले. "पाठ फिरवून बोलताय म्हणजे माझ्याबद्दल बोलताय!"

"जेवणाबद्दल!" लोहार ओरडला.

लेक धक्क्यावर उभी होती. सहा वाजून गेले होते. तिने दोर घेतला, बांधला, होडीत उतरली, जाळी उचलली. हात फिरवला. वर बघितलं तेव्हा तिच्या चेहऱ्यावर खरोखरच आनंद होता. हरायला ती तयार होती, हे मला तेव्हा कळलं.

"किती झाल्या, काका?" तिने शिंप्याला विचारलं. साक्षीदार तोच होता.

"दोन," शिंपी म्हणाला. "फार तर तीन."

"नऊ," उस्ताद म्हणाले. ते शिंप्याच्या ओठांकडेच बघत होते. "जाताना नऊ. येताना एक पण नाही."

शिंप्याने कपाळाला हात लावला.

लेक बापाकडे बघत राहिली. "येताना कोरडी आली ना? मग..."

"बोली जाऊन-येऊनची होती."

"बाबा, मीच केलेली बोली आहे, मीच..."

"फळी सुटली होती," ते म्हणाले. "मी गच्च भरली. माणसं होती आत. सोमवारी ने." आणि माझ्या खांद्याला धरून धक्क्यावर चढले.

सोमवारी होडी शेडमध्ये गेली. लाकूड सुकायला सात आठवडे लागले. सुकल्यावर उस्तादांनी मला बोलावलं आणि सगळ्या फटी उपसायला घेतल्या. नुसती ती एक नाही, सगळ्या. मी समोर बसून बोट वर करायचो, ते थांबायचे. लेक दोनदा येऊन म्हणाली, "आता वरून फायबर येणार. आतलं कोणाला दिसणार आहे?"

"मी बघितलंय ना," ते म्हणाले.

सव्वीस दिवस लागले. मग त्यांनी मोगरी धुतली, तेल लावलं आणि कपाटात ठेवली, बोलीप्रमाणे.

उस्ताद जाऊन आता चार वर्षं झाली. मला बहुतेक वेळा तो फायबर चढवायचा दिवसच आठवतो. लेकीने तळावर काचेच्या धाग्यांचं कापड अंथरलं होतं, रोलर राळेत बुडवला होता. तिने तो आधी बापापुढे धरला. "पहिला हात तुम्ही मारा."

"मला येत नाही ते," ते म्हणाले. "तू कर. मी बघतो."

ती रोलर फिरवत गेली. हात बापाचाच, एकसारखा, न थांबणारा. तीन फूट पुढे गेल्यावर उस्ताद वाकले, डोळे बारीक केले.

"इथे हवा राहिली आहे."

"कुठे?"

त्यांनी बोट टेकवलं. साबुदाण्याएवढा फुगा होता. माझ्या नजरेला आला नसता. ती मागे आली, गुडघ्यावर बसली, आणि ते 'बस' म्हणेपर्यंत तेवढ्या जागेवरून रोलर फिरवत राहिली.